मीटर फिरतंय, आकडा हलत नाही: अपडेटनंतर मुका झालेला इंटरप्ट

मामांचा फोन सकाळी साडेसहाला आला. मे महिन्यात खान्देशात कामाचे फोन याच वेळी येतात, दहानंतर शेतात उभं राहायची सोय नसते. "भाऊ, मीटर फिरी ऱ्हायनं, पन आकडा हालत नही."

चोपडा तालुक्यात त्यांची केळी आहे. विहिरीवर मोटार, पुढे फिल्टर, मग ठिबकच्या नळ्या, आणि भिंतीवर एक कंट्रोलर. तो पाणी मोजतो, ठरलेलं पाणी गेलं की मोटार बंद करतो. विहीर उपसली जाऊन पाणी येईनासं झालं, तर मोटार कोरडी चालून जळू नये म्हणूनही बंद करतो. दोन दिवसांपूर्वी तो कंट्रोलर बनवणाऱ्यांचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता. नवी आवृत्ती टाकून गेला. यापुढचे अपडेट मोबाइलवरूनच येतील, बांधावर यायचं काम नाही, असंही सांगून गेला. तेव्हापासून पाइपावरचं मीटर डोळ्यांदेखत फिरतंय, नळ्यांतून पाणी पडतंय आणि पडद्यावर मात्र शून्य लिटर. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा येऊन मीटरचा सेन्सर बदलून गेला. बिल झालं, शून्य तसंच राहिलं.

फोन ठेवता ठेवता मामा म्हणाले, "आनि घड्याळबी बंद शे." मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी जळगावात कार्डं दुरुस्त करतो, म्हणजे मोटारीच्या स्टार्टरपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळ्यातल्या हिरव्या पाट्या. इतक्या वर्षांनी तरी मला कळायला हवं होतं की गिऱ्हाईक शेवटी सहज म्हणून जे सांगतं, तेच खरं दुखणं असतं.

असे प्रसंग आता वाढणार आहेत. पूर्वी एकदा विकलेलं यंत्र मरेपर्यंत तसंच राहायचं. आता टीव्ही, इन्व्हर्टर, स्टार्टर, सगळ्यांना अपडेट येतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले, विमानतळांवर रांगा लागल्या, सगळ्यांना कळलं. तो बिघाड निदान बोंब मारणारा होता. मामांच्या भिंतीवरचा बिघाड मुका होता. पडदा लागलेला, बटणं चालू, मोटार चालू. फक्त एक आकडा हलत नव्हता.

## पेटीच्या आत कोण बसलंय

कंट्रोलरच्या आत नखाएवढी एक चिप असते, तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. हा एक छोटा संगणकच, पण एकाच कामाला जुंपलेला. त्याच्यात कायमचा भरलेला प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. मोबाइलमध्ये ॲप टाकतो-काढतो, तसं इथे नसतं. फर्मवेअर म्हणजे त्या चिपचं सगळं शहाणपण, आणि अपडेट म्हणजे ते पुसून नवं भरणं.

ही चिप एका वेळी एकच काम करते. पडद्यावर आकडे लिहिणं, बटण दाबलंय का बघणं, मोडेमला, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाला, निरोप देणं, पुन्हा पडदा. हा रहाट सतत फिरत असतो. प्रश्न एवढाच, की रहाट चालू असताना मधेच मीटरनं "दहा लिटर गेले" म्हणून खूण केली, तर ती हिला कळायची कशी?

## बल्ब लावून झोपणं

थ्री-फेजची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. ज्यांची रात्रपाळी असते त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. दर अर्ध्या तासाला उठून विहिरीवर जायचं आणि लाइट आली का बघायचं. नाहीतर उशाशी एका बल्बचं बटण चालू ठेवून निवांत झोपायचं. लाइट आली की बल्ब डोळ्यांवर येतो, माणूस उठतो, मोटार चालू करतो, परत येऊन झोपतो.

पहिल्या पद्धतीला पोलिंग म्हणतात, म्हणजे पुन्हा पुन्हा जाऊन पाहणं. दुसरी पद्धत म्हणजे इंटरप्ट: बाहेर काही घडलं की चिपला हातातलं काम सोडायला लावणारी खूण. मीटरची खूण, मोडेमचा निरोप, दर मिलिसेकंदाला पडणारा घड्याळाचा ठोका, या सगळ्या अशाच खुणा. मी इथे त्यांना घंटी म्हणतो, सोपं पडतं.

घंटी वाजल्यावर पुढे काय होतं, ते नीट पाहायला हवं. एक शेतमालक आपल्या कामात गढलेला आहे. त्याच्या घरात बऱ्याच घंट्या आहेत, प्रत्येकीला नंबर आहे. भिंतीवर एक यादी लिहिलीय: अमुक नंबरची घंटी वाजली तर अमुक सालदाराला हाक मारायची, तो अमुक खोलीत सापडेल. घंटी वाजते. मालक हातातलं काम कुठवर आलं याची खूण करतो, भिंतीवरची यादी वाचतो, सालदाराला पाठवतो. सालदार काम करून परततो, मालक खुणेपासून पुढे चालू.

चिपमध्ये हे शब्दशः असंच आहे. भिंतीवरच्या यादीला व्हेक्टर टेबल म्हणतात, सालदाराला हँडलर. अर्डुइनो उनो या शिकाऊ मंडळींच्या आवडत्या तयार कार्डावर जी एटीमेगा३२८पी चिप असते तिच्या यादीत २६ ओळी असतात. मामांच्या कंट्रोलरमध्ये एसटीएम३२ घराण्यातली एसटीएम३२एफ१०३ ही चिप होती. तिची यादी याहून मोठी.

आणि दारावर एक मुख्य कडी आहे. ती लावली तर एकही नेहमीची घंटी आत ऐकू येत नाही. मधेच कोणी चिपचा हात ओढू नये अशा नाजूक कामाच्या वेळी ती लावायची आणि काम झालं की काढायची, अशी रीत. एसटीएम३२ मध्ये या कडीचं नाव प्रायमास्क.

आता गंमत बघा. एटीमेगा३२८पी सुरू होते तेव्हा ही मुख्य कडी लावलेलीच असते, प्रोग्रॅमनं ती काढावी लागते. अर्डुइनोत तेवढं काम आधीच करून ठेवलेलं असतं, म्हणून बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. एसटीएम३२ च्या आत जो कॉर्टेक्स-एम गाभा आहे तो सुरू होताना कडी उघडी असते. म्हणून एसटीएम३२ वर वर्षानुवर्षं काम करणारा माणूस "कडी काढ" ही ओळ लिहीतच नाही. कधी गरजच पडलेली नसते. ही न लिहिलेली ओळ लक्षात ठेवा.

## अपडेटनं घर हलवलं

जुन्या आवृत्तीत चिपमध्ये एकच प्रोग्रॅम होता. एसटीएम३२ ची साठवण जिथून सुरू होते तो पत्ता, सोळाच्या पायाच्या मोजणीत, ०८०००००० असा आहे. प्रोग्रॅम तिथेच बसायचा. यादी अगदी सुरुवातीला, तिच्या मागे बाकी सगळं.

मोबाइलवरून अपडेट हवे असतील तर हे जमत नाही. ज्या घरात बसलोय ते पाडून पुन्हा बांधायचं, तर तेवढ्या वेळ कुणीतरी बाहेर उभं राहायला हवं. म्हणून एक छोटा वेगळा प्रोग्रॅम आधी बसवतात, त्याला बूटलोडर म्हणतात. चिप चालू झाली की पहिल्यांदा हा जागा होतो, नवं फर्मवेअर आलंय का बघतो, आलं असेल तर भरतो, आणि मग मुख्य प्रोग्रॅमला सांगतो, "चल, आता तू." बूटलोडर वेशीवरच्या घरात राहतो, म्हणजे ०८०००००० वर. मुख्य प्रोग्रॅमला मळ्यात जावं लागतं. समजा बूटलोडरला १६ केबी जागा दिली, तर मुख्य प्रोग्रॅमचा नवा पत्ता ०८००४००० (१६ केबी म्हणजे त्या मोजणीत ४०००).

आणि इथूनच अपडेटनंतरच्या इंटरप्टच्या निम्म्याअधिक कटकटी सुरू होतात. माझा अंदाज आहे हा, मोजणी नव्हे. पण माझ्या टेबलावर आलेली कार्डं तरी हेच सांगतात.

घर हललं की भिंतही हलली, आणि भिंतीवरची यादीही. मालकाला मात्र सवय जुन्या घराची. घंटी वाजली की तो अजून वेशीवरच्या घराकडे धावतो आणि बूटलोडरच्या भिंतीवरची यादी वाचतो. तिथे मीटरच्या सालदाराचं नावच नाही. मामांच्या चिपचा गाभा कॉर्टेक्स-एम३, त्यात व्हीटीओआर नावाचा एक कप्पा असतो, त्यात यादीचा पत्ता लिहायचा असतो. नव्या घरात गेल्यावर तो बदलला नाही, तर असा घोळ होतो. पत्ता वाटेल तोही चालत नाही. एसटीएम३२एफ१०३ मध्ये तो ५१२ बाइटच्या पटीतच असावा लागतो. कॉर्टेक्स-एम० गाभ्याच्या चिपांत तर हा कप्पाच नाही. तिथे यादी उचलून रॅममध्ये ठेवावी लागते आणि चिपला रॅमकडे बघायला सांगावं लागतं.

यात एक बारीक खाच आहे. एसटीएम३२ बनवणारी कंपनी जे तयार कोड-संच देते, त्यांच्या जुन्या आवृत्तीत व्हीटीओआर लिहिणारी ओळ आपोआप चालायची. नव्या आवृत्त्यांत ती ओळ एका अटीच्या आत ठेवलीय, आणि ती अट मुळात बंद असते, आपण उघडायची. म्हणजे तुमच्या कोडचं एक अक्षरही न बदलता नुसता संच नवा घेतला, तरी यादीचा पत्ता लिहिणं थांबतं.

मी मामांकडे गेलो ते हाच संशय घेऊन. तो खोटा निघाला.

## बटणं का चालत होती?

यादीचा पत्ता चुकला असता, तर मीटरची पहिली घंटी वाजताच मालक वेशीवर धावला असता आणि तिथे त्याला "बेवारस घंटी" असा शेरा भेटला असता. ज्या घंटीला सालदार नेमलेला नाही, तिच्यासाठी एसटीएम३२ च्या तयार कोडात एक ठरलेली जागा असते. तिथे गेलेला माणूस जागच्या जागी गोल गोल फिरत राहतो, परत येतच नाही. अशा वेळी सगळंच गोठतं: पडदा, बटणं, सगळं. मामांची बटणं तर चालत होती. बटण दाबलं की मोटार चालू, दाबलं की बंद.

म्हणजे मालक हरवलेला नव्हता. तो घरातच होता, आपल्या रहाटात मग्न. घंटीच आत येत नव्हती.

आणि मग मला घड्याळ आठवलं. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ होती, चालू केल्यावर बारा वाजून शून्य मिनिटं, आणि ती तिथेच अडकलेली. घड्याळाचा ठोका ही मीटरपेक्षा पूर्ण वेगळी घंटी. तिला बाहेरची तार नाही, सेन्सर नाही, ती चिपच्या पोटातच वाजते. तीही बंद, मीटरचीही बंद. दोन वेगळ्या घंट्या एकाच दिवशी मेल्या, तर घंट्यांत दोष नसतो. सामाईक काय, तर दारावरची कडी.

एक कोडंही त्यामुळे सुटलं. पडद्यावर पाणी शून्य दिसत असताना कंट्रोलरनं मोटार बंद करायला हवी होती, तेच तर त्याचं काम. ती का केली नाही? कारण नियम असा होता की दोन मिनिटं सलग शून्य दिसलं तर बंद कर. घड्याळच थांबलेलं, तर दोन मिनिटं भरणार कधी? मामांच्या विहिरीला पाणी होतं म्हणून निभावलं. नसतं, तर मोटार रिवाइंडिंगला गेली असती आणि संरक्षण देणारी पेटी शेजारी लुकलुकत बसली असती.

## "पण आमच्या टेबलावर तर चालतं!"

बनवणारी मंडळी ओळखीची निघाली. कार्ड घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर पहिलं वाक्य हेच. आणि खरंच, त्यांच्या टेबलावर चालत होतं. डीबगर, म्हणजे लॅपटॉपवरून चिपच्या आत डोकावायची जोडणी, लावली की आकडा पळायचा. काढली आणि पेटी नुसती विजेवर चालू केली, की शून्य.

यात भूत नाही. डीबगर प्रोग्रॅम भरतो आणि बहुधा थेट मुख्य प्रोग्रॅमच्या दारात नेऊन सोडतो. वेशीवरचं घर वाटेत लागतच नाही. शेतात मात्र प्रत्येक वेळी आधी बूटलोडर जागा होतो. त्यांच्या बूटलोडरनं जबाबदार माणसासारखं केलं होतं: मुख्य प्रोग्रॅमकडे उडी मारण्याआधी दारावरची कडी लावली, उडी मारताना मधेच कुणाची घंटी नको म्हणून. बरोबरच केलं. पण मुख्य प्रोग्रॅमला ती कडी काढायची असते हे माहीतच नव्हतं. कारण तो जन्मल्यापासून कडी उघडीच बघत आला होता. ती न लिहिलेली ओळ.

पेटी बंद-चालू करूनही फरक का पडत नव्हता, तेही यातच आलं. प्रत्येक वेळी बूटलोडर पहिला, प्रत्येक वेळी कडी.

डीबगर जोडून थांबवलेल्या चिपमध्ये हे उघड दिसतं. मात्र त्यासाठी पेटी आधी नुसती चालू होऊ द्यायची आणि मग चालत्या चिपला डीबगर जोडायचा, नव्यानं सुरू न करता. तसं जोडून आम्ही दोन कप्पे वाचले. प्रायमास्क एक, म्हणजे कडी लावलेली. आणि मीटरच्या घंटीसमोर "थांबलेली" अशी खूण. कॉर्टेक्स-एम मध्ये घंटी वाजून दाराशी आली आणि आत सोडली नाही, तर तिची नोंद राहते. मला विचाराल तर सगळ्या तपासणीतली सर्वात कामाची जागा ही. नोंद असेल तर तार, सेन्सर, पिन (चिपचा पाय) सगळं ठीक, अडचण दारात किंवा दाराच्या आत. नोंद नसेल आणि सालदारही गेलेला नसेल, तर घंटी दारापर्यंतच आली नाही, अडचण बाहेर. एका वाचनात शेत अर्धं झालं. उरलेल्या अर्ध्यातच नांगर घालायचा.

सेन्सर बदलण्याआधी हे पाहिलं असतं, तर मामांचं बिल वाचलं असतं. असो.

## मग तार तपासायचीच नाही का?

तपासायची की. अपडेट झाला त्याच दिवशी उंदरानं वायर कुरतडली, असंही होतं. पण नोंद नसेल तेव्हा. आणि तेव्हासुद्धा तारेपेक्षा अपडेटनं दाराबाहेर काय बदललं ते आधी पाहावं.

एक जागा हमखास फसवते. एसटीएम३२ मध्ये पिनांचे गट असतात, ए, बी, सी असे, आणि प्रत्येक गटात शून्यापासून नंबर. बाहेरच्या घंट्यांची वायरिंग मात्र नंबरावर असते, गटावर नाही. ए गटाची पाच नंबरची पिन आणि बी गटाची पाच नंबरची पिन या दोघींना मिळून एकच घंटी. नव्या आवृत्तीत कुणी "टाकी भरली की मेसेज" अशी सोय वाढवली आणि तिची पिन बी गटातली पाच नंबरची घेतली, तर ए गटाच्या पाच नंबरवर बसलेलं मीटर गुपचूप घंटीवरून उतरतं. कोणी सांगत नाही. शेवटी ज्यानं मागितली त्याची घंटी.

दुसरी जागा: घंटी कशावर वाजायची. बहुतेक वेळा ती बदलावर वाजते. विजेची पातळी वरून खाली आली त्या क्षणी, ती खाली असताना नव्हे. आता समजा सेन्सरनं आपली तार आधीच खाली ओढून धरलीय आणि "आधी माझं वाच, मग सोडतो" म्हणतोय, आणि नव्या फर्मवेअरनं घंटी त्यानंतर जोडली. बदल होऊन गेला. नवा बदल तेव्हाच होणार जेव्हा कोणी सेन्सर वाचेल, आणि वाचायचं कधी, तर घंटी वाजल्यावर. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात, लग्नात पंगतीला आधी कोण बसणार म्हणून व्याही थांबतात तसे. इलाज सोपा: सुरुवातीला एकदा न बोलावता जाऊन सेन्सर वाचून यायचं.

## घंटी वाजली, सालदार गेला, तरी आकडा नाही

हाही प्रकार असतो आणि बाहेरून तो अगदी इंटरप्ट मेल्यासारखाच दिसतो.

सालदार मीटरवर जाऊन येतो आणि फळ्यावर एक रेघ वाढवतो. मालकानं अधूनमधून फळा बघायचा. पण कोड चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, म्हणजे कंपायलर, काटकसरी असतो. त्याला दिसतं की मालकाच्या रहाटात फळ्यावर कोणीच लिहीत नाही. मग तो म्हणतो, दर वेळी फळ्यापर्यंत कशाला जायचं, एकदा पाहिलेला आकडा खिशात ठेव. सालदार रेघा ओढत राहतो, मालक खिशातलं शून्य बघत राहतो. "हा आकडा तुझ्या पाठीमागे बदलू शकतो, दर वेळी फळ्यावरच बघ" हे सांगणारा शब्द म्हणजे व्होलटाइल. तो विसरला तरी चाचणीच्या वेळी सगळं चालतं, कारण तेव्हा काटकसर बंद असते. गिऱ्हाइकाला द्यायची आवृत्ती काटकसर चालू करून बनवतात, आणि आकडा गोठतो.

नाव चुकण्याची गोष्टही इथलीच. यादीतल्या ओळीला सालदार त्याच्या नावानं जोडला जातो. अपडेटच्या वेळी कुणी सी भाषेतली फाइल सी प्लस प्लसमध्ये नेली, की कंपायलर नावांना आपल्या पद्धतीच्या शेपट्या लावतो. यादीत जुनं नाव, सालदाराला नवं नाव, भेट होत नाही, आणि घंटी बेवारस खात्यात जाते. एसटीएम३२ मध्ये तिथे चिप गोठते हे वर आलंच. एटीमेगात नेहमीचा कंपायलर बेवारस घंटीला थेट सुरुवातीच्या दारात पाठवतो, म्हणजे पेटी पुन्हा पहिल्यापासून चालू झाल्यासारखी वागते. दुकानात अशी पेटी आली की दहातले नऊ जण म्हणतात, सप्लाय खराब आहे. नवा सप्लाय लावतात आणि पेटी पुन्हा तशीच वागते.

## इतका व्याप कशाला? सारखं बघत राहिलं तर?

हा प्रश्न मामांनीच विचारला, आणि प्रश्न रास्त आहे. शेतातलं मोठं मीटर दहा किंवा शंभर लिटरला एक खूण देतं. एवढ्या सावकाश खुणांसाठी पोलिंग पुरलं असतं. मी स्वतः तिथे पोलिंगच ठेवलं असतं.

पण छोट्या पाइपावरचे स्वस्त सेन्सर असतात, वायएफ-एस२०१ सारखे, ते लिटरला साधारण ४५० खुणा देतात. मिनिटाला वीस लिटर पाणी असेल तर सेकंदाला दीडशे. रहाट मोडेमच्या उत्तरासाठी दोन सेकंद अडकला, की तीनशे खुणा हुकल्या. खताची मात्रा पाण्याच्या मापावर सोडणाऱ्यांना हे परवडत नाही. तिसरी वाटही आहे. बऱ्याच चिपांत खुणा मोजणारं यंत्र चिपच्या अंगातच असतं, त्याला तार जोडली की ते एकटं मोजत बसतं, मालकानं जमेल तेव्हा आकडा वाचायचा. घंटीही नको, फेऱ्याही नकोत. फुकट मिळालेली ही सोय कितीजण वापरतच नाहीत याचं मला नवल वाटतं.

## "जुनीच आवृत्ती बरी होती"

जुनी परत टाकली की चालतं, म्हणून जुनीच ठेवा, असं म्हणणारे खूप. बागेला पाणी द्यायचं असेल आणि बाहेर पंचेचाळीस अंश असेल, तर आजच्या दिवसापुरतं तेच करावं. मीही त्या दिवशी मामांना तेच करून दिलं.

पण जुनी आवृत्ती बरोबर होती म्हणून चालत होती, असं समजू नका. कडी काढायची ओळ तिच्यातही नव्हती, फक्त कडी कोणी लावत नव्हतं. अपडेटनंतर इंटरप्ट मरतो तेव्हा बहुधा नवं काही मोडलेलं नसतं. आधीपासून दुसऱ्याच्या भरवशावर चाललेलं काहीतरी उघडं पडतं. म्हणूनच दोन आवृत्त्यांतला फरक वाचून दोष सापडतोच असं नाही. जी ओळ दोन्हींत नाही, ती फरकात दिसणार कशी?

आम्ही ती ओळ टाकली. यादीचा पत्ता लिहून झाल्यावर कडी काढायची, असा क्रम. पेटी चालू केली, घड्याळाचे सेकंद पळाले, मीटरचा आकडा हलला. चहा आला. चहा संपेपर्यंत तिसऱ्यांदा चालू केली तेव्हा पेटी गोठली.

बूटलोडर लॅपटॉपशी बोलायला सिरियल पोर्टची घंटी वापरायचा आणि जाताना ती तशीच जोडलेली ठेवायचा. कडी लावलेली होती तोवर ती घंटी दाराशी मुकाट बसून होती. कडी काढली आणि ती आत आली. मुख्य प्रोग्रॅमकडे तिचा सालदारच नाही, म्हणून ती बेवारस खात्यात गेली. रोज नाही, फक्त ज्या वेळी तारेवर काही फुटकळ खडखडाट झाला त्याच वेळी. मग बूटलोडरनं निघताना आपल्या सगळ्या घंट्या उतरवायच्या, थांबलेल्या नोंदी पुसायच्या आणि मगच उडी मारायची, असं ठरलं. त्यापेक्षाही सरळ वाट म्हणजे बूटलोडरनं एक चिठ्ठी ठेवून चिप नव्यानं सुरू करायची आणि दुसऱ्या वेळी काहीही न हाताळता थेट मुख्य प्रोग्रॅमकडे जायचं. ती सूचना मी दिली आहे, त्यांनी घेतली की नाही ते पुढच्या आवृत्तीत कळेल.

कार्ड परत बसवायला चोपड्याला गेलो तेव्हा बागेत पाणी सुटलेलं होतं. पेटीचं झाकण लावलं, मुख्य स्विच ओढला, बटण दाबलं. मामांनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं. लिटरच्या आकड्याकडे नाही, कोपऱ्यात. "घड्याळ चाली ऱ्हायनं," म्हणाले, आणि व्हॉल्व बघायला निघून गेले.